वॉट मोजण्याआधी ओहम पाहा

प्रश्न : बऱ्याच वर्षांच्या इच्छेनंतर मी जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर घेतले. माहितीपत्रकात ‘६ ओहम, ८५ डेसिबल, शिफारस ३० ते १२० वॉट’ असं लिहिलंय. सध्या ते जुन्या एव्ही रिसीव्हरला जोडलेत. त्याच्यावर ‘८० वॉट प्रति चॅनेल, ८ ओहम’ असं आहे. हळू आवाजात स्पीकर सुरेख वाजतात. जरा आवाज वाढवला की पियानो कर्कश होतो, डग्ग्याची थाप चपटी येते, आणि चेलोच्या एका रेकॉर्डिंगमध्ये तर ठरावीक जागी रिसीव्हर ‘टक्’ करून बंदच पडतो. खोली पाच बाय चार मीटर आहे, मी तीन मीटरवर बसतो. दोन अ‍ॅम्प्लिफायर नजरेत आहेत. एकावर २०० वॉट लिहिलंय. दुसऱ्यावर ८ ओहमला ८० आणि ४ ओहमला १५०. रिसीव्हरही ८०चाच आहे, मग पुन्हा ८०चाच घेऊन काय साधणार? २००चा घेतला तर १२० वॉटचे स्पीकर जळतील का? स्पीकरच्या मागे टर्मिनलच्या दोन जोड्या आहेत; रिसीव्हरचे रिकामे चॅनेल तिथे जोडून भागेल का? दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरची माहितीपत्रकं आणि स्पीकरच्या मोजणीचा आलेख सोबत पाठवतोय.
– एक वाचक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द मला ‘टक्’ वाटला. तो रिसीव्हरच्या पोटातल्या रिलेचा आवाज आहे. आउटपुट ट्रान्झिस्टरमधून झेपेल त्याहून जास्त करंट जाऊ लागला किंवा ते फार तापले, की संरक्षण सर्किट हा रिले उघडतं आणि स्पीकर बाजूला करतं. म्हणजे तुमच्या रिसीव्हरचा दम करंटमध्ये संपतोय आणि तो तसं सांगतोय. ‘वॉट कमी पडतात’ हा तुमचा निष्कर्ष अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे तुम्ही २००कडे ओढले जाताय.

उत्तर आधीच सांगून टाकते : दुसरा घ्या, ८० आणि १५०वाला. आता कारण. ते जरा लांबेल, पण तुम्ही मोजणीचा आलेख पाठवण्याइतके जागरूक आहात, म्हणून आकड्यांसकट लिहिते.

अ‍ॅम्प्लिफायर मुळात वॉट देत नाही, व्होल्टेज देतो. व्हॉल्यूमचं बटण फिरवून तुम्ही ठरवता ते व्होल्टेज. त्या व्होल्टेजला किती करंट ओढायचा हे स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा त्याचा विजेला विरोध, ठरवतो, आणि दोघांचा गुणाकार म्हणजे वॉट. ८ ओहमला ८० वॉट याचा अर्थ २५.३ व्होल्ट आणि ३.२ अँपिअर. आता व्हॉल्यूमला हात न लावता ८ ओहमच्या जागी ४ ओहम ठेवा. २५.३ व्होल्ट तेच, पण करंट ६.३ अँपिअर आणि वॉट १६०. आणखी खाली २.९ ओहमला या. करंट ८.७ अँपिअर, वॉट २२०. आवाज ठरवणारं व्होल्टेज तसूभरही बदललेलं नाही, आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचा करंटचा भार मात्र पावणेतीन पट झाला.

२.९ हा आकडा मी तुमच्याच आलेखातून उचललाय. १०० हर्ट्झच्या आसपास तुमचा स्पीकर तिथवर खाली उतरतो. माहितीपत्रकात तर ६ ओहम आहे. स्पीकरचा इम्पीडन्स एकच एक नसतो. वारंवारतेप्रमाणे तो डोंगरदऱ्यांसारखा चढत-उतरत जातो आणि पत्रकावर एकच ढोबळ आकडा छापला जातो. तो छापायलाही एक मानक आहे. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ६०२६८-५ म्हणतं, की सगळ्यांत खालची दरी छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये. ६ ओहम लिहायचं तर दरी ४.८च्या वर हवी, ४ लिहायचं तर ३.२च्या वर. तुमच्या स्पीकरला या हिशेबाने ४ ओहमचंही लेबल लागत नाही. स्पीकर वाईट आहे असा याचा अर्थ बिलकूल नाही, हळू आवाजात तो कसा वाजतो ते तुम्ही स्वतःच लिहिलंय. पण लेबल ग्राहकाला अंधारात ठेवतं, आणि त्याचा त्रास बिचाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला होतो. मला याचा मनापासून राग येतो, कारण लोक चांगल्या स्पीकरला दोष देऊन ते विकून टाकतात.

आलेखातली दुसरी, तुटक रेघ तुम्ही कदाचित सोडून दिली असेल. ती फेजची आहे. ६५ हर्ट्झला इम्पीडन्स ४ ओहम दिसतो, म्हणजे दरीपेक्षा बरा. पण तिथेच फेज उणे ४५ अंशांवर आहे. याचा अर्थ करंट आणि व्होल्टेज एकत्र चढत-उतरत नाहीत, करंट पुढे धावतो. साध्या रोधावर जेव्हा करंट सगळ्यांत जास्त असतो तेव्हा व्होल्टेजही जवळजवळ सगळं स्पीकरकडे गेलेलं असतं, त्यामुळे ट्रान्झिस्टरच्या वाट्याला थोडंच उरतं. फेज अशी सरकली की भरपूर करंट वाहत असताना सप्लायचं मोठं व्होल्टेज ट्रान्झिस्टरवरच अडकून राहतं, आणि त्याची उष्णता होते. गणित करून पाहिलं तर ४५ अंशांना एबी क्लासच्या (ही नेहमीची, रूढ रचना) आउटपुट ट्रान्झिस्टरवरचा क्षणिक ताण तेवढ्याच ओहमच्या शुद्ध रोधापेक्षा सुमारे २.८ पट होतो. म्हणजे तुमचा ६५ हर्ट्झचा ‘४ ओहम’ ट्रान्झिस्टरला तापायच्या दृष्टीने १.४ ओहमसारखा भासतो.

चेलोची सगळ्यांत खालची तार सुटी वाजवली की ६५ हर्ट्झच्या आसपासचा स्वर येतो. तुमचा रिसीव्हर चेलोच्याच रेकॉर्डिंगमध्ये का टक् करतो, याचा माझ्या मते इथे उलगडा होतो. ती जागा पुन्हा ऐका. तिथे वादक बहुधा खालच्या तारेवर गज लांबवत असेल. डग्ग्याची थाप एका क्षणात येऊन जाते, म्हणून ती फक्त चपटी होते. लांबलेला स्वर ट्रान्झिस्टरला श्वास घ्यायला जागाच देत नाही.

आता तुम्हाला लागतं किती, ते काढू. ८५ डेसिबल हा संवेदनशीलतेचा आकडा स्पीकरला २.८३ व्होल्ट देऊन एक मीटरवरून मोजलेला असतो. २.८३ का? कारण ८ ओहमवर तो बरोबर १ वॉट होतो. ४ ओहमवर त्याच व्होल्टेजला २ वॉट खर्च होतात, म्हणून कमी ओहमच्या स्पीकरचा हा आकडा ऐकायला जितका बरा वाटतो तितका वॉटच्या हिशेबात बरा नसतो. तुमच्यासाठी व्होल्टेजचाच हिशेब धरू, तो सरळ आहे.

एक मीटरवरून तीन मीटरवर गेलं की मोकळ्या जागेत साडेनऊ डेसिबल कमी होतात. खोलीच्या भिंतींमुळे आणि स्पीकर दोन असल्यामुळे साधारण ६ परत मिळतात. म्हणजे दोन्ही स्पीकरना २.८३ व्होल्ट दिले की तुमच्या खुर्चीत ८१.५ डेसिबल. तुम्ही म्हणता तसं ‘जरा वाढवून’ ऐकणं म्हणजे सरासरी ८० डेसिबल धरू. त्याला प्रत्येक स्पीकरमागे दीड वॉटसुद्धा पुरतो. हो, दीड वॉट. हळू ऐकताना सगळं सुरेख का वाटतं ते यावरून कळेल.

पण संगीत सरासरीवर चालत नाही. फार न दाबलेल्या चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये पियानोचा आघात, तबल्याची थाप, वाद्यवृंदाचा उसळलेला क्षण सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकतो. आजचं बरंच लोकप्रिय संगीत दाबून सपाट केलेलं असतं, तिथे हा फरक ८-१० डेसिबलांवरच थांबतो. तुम्ही ऐकता ते संगीत पहिल्या प्रकारातलं आहे, तेव्हा १०० डेसिबलचं शिखर धरायला हवं. ८१.५वरून १००वर जायला साडेअठरा डेसिबल, म्हणजे व्होल्टेज ८.४ पट : २३.८ व्होल्ट. ४ ओहमवर याचे १४० वॉट होतात. सरासरीला दीड वॉट आणि शिखराला १४०, तेही निमिषभर. आणि २.९ ओहमच्या दरीत नेमकं शिखर आलं, तर करंट ८.२ अँपिअर, त्याचं टोक साडेअकराच्या पुढे.

तुमच्या रिसीव्हरच्या कागदी २५.३ व्होल्टांत हे २३.८ बसायला हवेत, नाही का? कागदावर बसतात. पण ते २५.३ व्होल्ट ८ ओहमवर मोजलेले आहेत. एव्ही रिसीव्हरमध्ये एकाच ट्रान्सफॉर्मरवर पाच-सात चॅनेल, चित्राचे सर्किट आणि बाकी बरंच काही चालतं. ८ ओहमखाली मागणी गेली की सप्लाय बसतो, व्होल्टेज ढासळतं, शिखरं वरून छाटली जातात. ऐकणाऱ्याला तो पियानोचा कर्कशपणा वाटतो. आणि ढासळूनही भागलं नाही, तर टक्.

आता तुमचे दोन उमेदवार शेजारी ठेवते. दुसऱ्याच्या पत्रकावरून : ८ ओहमला ८० वॉट म्हणजे २५.३ व्होल्ट. ४ ओहमला १५० वॉट म्हणजे २४.५ व्होल्ट. भार दुप्पट झाला आणि व्होल्टेज जेमतेम पाऊण व्होल्टाने हललं. तिथेच खाली २ ओहमला क्षणिक २५० वॉटही दिलेत, म्हणजे २२.४ व्होल्ट आणि करंटचं टोक जवळपास १६ अँपिअर. तुम्हाला साडेअकरा-बारा लागतात. रिसीव्हरच्या ८०त आणि या ८०त फरक आहे तो हा : भार वाढला तरी हा आपलं व्होल्टेज सोडत नाही. बनवणाऱ्याने २ ओहमचा आकडा छापण्याची तयारी दाखवली, ही गोष्टही मला खूप काही सांगते. ज्याला तिथे खात्री नसते तो तो आकडा छापतच नाही.

पहिल्याचं पत्रक बारीक अक्षरापर्यंत वाचलंत का? २००च्या पुढे तारा आहे. खाली तारेपाशी लिहिलंय : ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनेल चालू. प्रत्येक अटीने आकडा फुगतो. १० टक्के म्हणजे लाट उघडउघड छाटली गेलेली असते. १ टक्क्याच्या आत राहायचं तर त्यातले साधारण पाचवा हिस्सा वॉट आधीच गेले. १ किलोहर्ट्झ म्हणजे खालच्या सुरांचा प्रश्नच काढला नाही. एकच चॅनेल म्हणजे अख्खा सप्लाय एकट्याच्या वाट्याला. यातलं काही खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण तुमच्या घरातल्या वापराशी त्याचा संबंध राहत नाही. आणि मागच्या पट्टीवर टर्मिनलशेजारी ‘किमान ६ ओहम’ अशी सूचना आहे. माझ्यासाठी विषय तिथेच संपला. २.९ ओहमचा स्पीकर त्याला जोडणं म्हणजे आज रिसीव्हर जे करतोय तेच नव्या अ‍ॅम्प्लिफायरकडून करून घेणं.

हे फुगवणं जुनंच आहे. १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला, की घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचे वॉट सांगताना कोणत्या भाराला, कोणत्या वारंवारतांच्या पट्ट्यात आणि किती डिस्टॉर्शनला, हे सोबत सांगायचं. कोणतंही पत्रक हातात घ्याल तेव्हा हेच तीन प्रश्न विचारा, आणि चौथा माझा : दोन्ही चॅनेल एकदम चालू होते का?

मी स्वतः एकदा मोठ्या आकड्याला भुलले होते. ४ ओहमच्या स्पीकरसाठी जुना अ‍ॅम्प्लिफायर देऊन दुपटीहून जास्त वॉटचा आणला, आणि तोही त्याच गाण्यात, त्याच मात्रेवर बंद पडला. तेव्हा वाटलं स्पीकरच बिघडलेत. ते उघडून तपासण्यात महिना गेला, त्यांच्यात काहीही दोष नव्हता. मग एका जाणकार मित्राने आपला वजनदार, कागदावर ६० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणून जोडला. त्या संध्याकाळी ते गाणं मी पहिल्यांदा पुरतं ऐकलं. पत्रकातली ४ ओहमची ओळ आधी वाचायची सवय मला तेव्हापासून लागली.

‘अवघड स्पीकर’ या शब्दानेही घोळ होतो, कारण अवघडपणा एका जातीचा नसतो. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात तयार केलेला एलएस३/५ए घ्या. संवेदनशीलता जेमतेम ८२-८३ डेसिबल, म्हणून लोक त्याला अवघड म्हणतात. पण मूळ आवृत्तीचा इम्पीडन्स १५ ओहम. त्याला व्होल्टेज हवं, करंट अगदी थोडा. चांगला व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर त्याला मजेत सांभाळतो. मॅग्नेपॅनचे पडद्यासारखे स्पीकर ४ ओहमचे आणि कमी संवेदनशीलतेचे, पण त्यांचा इम्पीडन्स बहुतेक सपाट रोधासारखा असतो. म्हणजे भार मोठा, पण सरळ स्वभावाचा. १९५७ सालच्या क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिकचं आणखी वेगळं : त्याचा इम्पीडन्स वरच्या सुरांत घसरतो, आणि त्याला जास्त व्होल्टेज दिलं तर आतल्या पडद्यात ठिणग्या उडतात. तिथे ताकदवान अ‍ॅम्प्लिफायरच धोक्याचा. आणि अपोजीचा सिंटिला १ ओहमवर जोडला की भले भले अ‍ॅम्प्लिफायर हात टेकत. तुमच्या स्पीकरमध्ये थोडी कमी संवेदनशीलता, खोल दरी आणि वाकडी फेज तिन्ही आहेत, पण कुठलीच टोकाची नाही. सिंटिलासाठी लागायचे तसले अवजड राक्षस तुम्हाला नकोत.

दुसरा उमेदवार पुरेल, पण काठोकाठ पुरेल, हेही सांगायला हवं. लागतात २३.८, मिळतात २४.५. तुम्ही रोज जोरात ऐकत असाल, किंवा पुढे मोठ्या खोलीत जायचं मनात असेल, तर त्याच जातीचा एक पायरी वरचा पाहा, ८ ओहमला १५० आणि ४ ओहमला ३०० च्या जवळ जाणारा. त्याने जेमतेम ३ डेसिबल मिळतील. वॉट दुप्पट झाले की ३ डेसिबलच वाढतात, आणि कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. याच कारणाने ८० की १०० वॉट यावर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांना मी सांगते की तो फरक १ डेसिबलचा आहे, तो सोडा.

जळण्याची भीती. १२० वॉटच्या स्पीकरला १५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर जोडल्याने काही जळत नाही. स्पीकर हवं तेवढंच ओढतो, आणि सरासरीला ते दीड वॉट आहे हे वर आलंच. वरचे सूर वाजवणारे ट्वीटर अनेकदा जळतात ते दमछाक झालेल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे. सतत क्लिपिंग, म्हणजे शिखरं छाटणं, होत असताना लाटेची टोकं सपाट होतात. पुरती चौकोनी झालेली लाट त्याच उंचीच्या सुबक लाटेच्या दुप्पट वॉट वाहून नेते. ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर अशा वेळी १००च्या जवळ जातो. त्यात टोकं छाटल्याने वरच्या वारंवारता नव्याने जन्माला येतात आणि त्या थेट ट्वीटरकडे जातात, ज्याची बारीकशी कॉइल थोडे वॉटच सहन करते. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरनेही स्पीकर मारता येतो, त्यात शंका नाही, पण त्याआधी तुमचे कान तक्रार करतील. कर्कश वाटलं की आवाज कमी करा. हा नियम अ‍ॅम्प्लिफायर कोणताही असो, पाळा. आणि कानांचंही बघा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सांगते. तुमची सरासरी त्याच पातळीवर आहे, त्यामुळे तिच्यावर फार वेळ काढू नका.

मागच्या दोन जोड्यांबद्दल. रिसीव्हरचे रिकामे चॅनेल ट्वीटरला आणि मुख्य चॅनेल खालचे सूर वाजवणाऱ्या वूफरला दिले तर ट्वीटरचा जो थोडासा करंट होता तेवढा हलका होईल. तुमच्या दोन्ही अवघड जागा १०० आणि ६५ हर्ट्झला आहेत, म्हणजे वूफरच्या वाट्याच्या. तो चॅनेल आजच्याइतकाच घामाघूम होईल. वर ट्रान्सफॉर्मर तोच. वायर वाया जाईल एवढंच. याहून वाईट सल्ला तुम्हाला कुणी देईल तो म्हणजे दोन चॅनेल ब्रिज करण्याचा, म्हणजे दोन्ही मिळून एकच स्पीकर चालवण्याचा. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला स्पीकरचा निम्माच इम्पीडन्स दिसतो. २.९चे १.४५. कृपा करून तसं करू नका. रिसीव्हरच्या मेन्यूत ‘४ ओहम’चा पर्याय असेल, तर तो टक् होणं कदाचित थांबवेल, पण बहुधा आतलं व्होल्टेज उतरवून. ताकद वाढणार नाही, घटेल.

उपयोगी पडेल अशी एक गोष्ट मात्र रिसीव्हरमध्ये आहे का बघा : मागे पुढच्या चॅनेलचे प्री-आउट, म्हणजे ताकद वाढवण्याआधीचा सिग्नल बाहेर देणारे सॉकेट. असतील तर तुम्हाला अख्खा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचीही गरज नाही, नुसता दोन चॅनेलचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर पुरेल आणि चित्रपट पाहायची सोयही तशीच राहील. पुढेमागे सबवूफर आणलात, तर रिसीव्हरमधून ८० हर्ट्झखालचा भाग त्याच्याकडे वळवा. ६५ हर्ट्झची ती वाकडी जागा मुख्य अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावरून जवळपास उतरेल. १०० हर्ट्झची दरी तशीच राहील, तेव्हा सबवूफर हा अ‍ॅम्प्लिफायरला पर्याय समजू नका.

डी क्लासबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दुकानात कुणीतरी बोलेलच. डी म्हणजे डिजिटल नव्हे. त्यातले ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतात किंवा पूर्ण बंद, त्यामुळे उष्णता कमी होते आणि वाकड्या फेजचा तो २.८ पटीचा तापही बराचसा टळतो. तुमच्यासारख्या स्पीकरला चांगला डी क्लास अ‍ॅम्प्लिफायर छान बसतो. हायपेक्स आणि प्युरिफाय यांच्या मॉड्यूलमध्ये फीडबॅक (चूक सुधारण्यासाठी बाहेरून आत परत नेलेला सिग्नल) आउटपुट फिल्टरनंतर घेतलेला असतो, म्हणून स्पीकर बदलला तरी वरचे सूर बदलत नाहीत. स्वस्तातल्या काही चिपांमध्ये तसं नसतं. ‘जड तोच चांगला’ हा जुना ठोकताळा मोठ्या ट्रान्सफॉर्मरवाल्या एबी क्लासपुरता खरा आहे. इथे वजनावरून काही ठरवू नका.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर मला अतिशय प्रिय आहेत, तरी या स्पीकरसाठी नको. समजा त्याचा आउटपुट इम्पीडन्स दीड ओहम आहे. तुमचा स्पीकर २.९ ते २० ओहमांच्या दरम्यान हिंदकळतो, त्यामुळे दरी आणि डोंगर यांच्या आवाजात ३ डेसिबलांचा फरक पडेल. म्हणजे स्पीकर ज्याने घडवला त्याच्या मनातला तोल तुम्हाला ऐकायलाच मिळणार नाही. वायरचं म्हणाल तर चार मीटरला अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर भरपूर झाली. आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर हात-दीड हात मोकळी जागा ठेवा, बंद कपाटात कोंबू नका.

खरेदीआधी एक छोटी मोजणी करा. माझा हिशेब कागदावरचा आहे, तुमची खोली आणि तुमची आवड वेगळं सांगू शकते. एक साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल आणि १२० हर्ट्झचा, उणे १२ डेसिबल पातळीचा टेस्ट टोन; असा टोन कोणत्याही ऑडिओ एडिटरमध्ये मिनिटात बनतो. रिसीव्हरची खोली सुधारणारी आणि टोनची सगळी सेटिंग बंद करा. टक् न होणारं पण शिखरं असलेलं एखादं रेकॉर्डिंग लावा आणि ‘याच्यावर मला कधीच ऐकायचं नाही’ इतपत व्हॉल्यूम न्या. आता बटणाला हात लावू नका. संगीत थांबवा, रिसीव्हर बंद करून स्पीकरच्या वायरी काढा, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा ठेवा. पुन्हा चालू करा, व्हॉल्यूम तोच आहे याची खात्री करा, टोन वाजवा आणि टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. येणाऱ्या आकड्याला ४ ने गुणा, कारण १२ डेसिबल म्हणजे व्होल्टेज चौपट. तेवढे व्होल्ट तुमच्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहमवर देता आले पाहिजेत. (ज्यांच्याकडे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आहे त्यांनी हा प्रयोग करू नये. स्पीकर काढून तो वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.)

मीटरवर ६ आले तर गुणून २४, आणि माझा हिशेब जुळला. ४ आले तर १६ व्होल्ट, म्हणजे दुसरा उमेदवार तुम्हाला ऐसपैस पुरेल. ८ किंवा जास्त आले तर वरच्या पायरीचा घ्या.

अ‍ॅम्प्लिफायर घ्यायच्या आधी शक्य झालं तर तो घरी आणून, तुमच्याच स्पीकरवर, ते चेलोचं रेकॉर्डिंग लावा. जिथे टक् व्हायचं त्या जागेच्या अर्धा मिनिट आधीपासून ऐका आणि तो खालचा स्वर संपेपर्यंत बसा. मीटरचा आकडा आणि त्या स्वराचं काय झालं, दोन्ही मला जरूर कळवा.